नळीतली हवा

सुनेच्या सायकलचा मागचा ब्रेक शनिवारी मऊ पडला. दांडी दाबली की विनातक्रार मुठीला टेकायची. सोमवारी सकाळी सातला तिची इस्पितळात पाळी, आणि वाटेत फाटकापुढचा तो उतार. दुकानातला मिस्त्री मंगळवारपर्यंत गुंतलेला. मी म्हणालो, मी बघतो. सारा जन्म ग्रंथालयात कार्डं लावण्यात गेलेला; बघतो म्हणजे नेमकं काय करतो, हे मलाही ठाऊक नव्हतं.

मिस्त्रीने तेलाची बाटली, पिचकारी आणि एक छोटं नरसाळं दिलं. हा ब्रेक तेलावर चालतो, त्याच्या नळीत हवा शिरली असणार, म्हणाला. तेल दाबून आक्रसत नाही, हवा आक्रसते, म्हणून ब्रेक लागत नाही. सायकल उलटी केली होती का, असंही त्याने विचारलं. मी नाही म्हणालो.

रविवारी व्हरांड्यात बसलो. तेल लागू नये म्हणून ब्रेकच्या गाद्या आधी काढून ठेवल्या. वर दांडीपाशी नरसाळं, खाली चाकापाशी पिचकारी. हळूच दाबली. नळीवर पेन्सिलीने टिचक्या मारल्या. नरसाळ्यात एक बुडबुडा आला. मग तीन. मग मोहरीएवढ्यांची रांगच. मी चष्मा पुसून पाहत राहिलो. नळी धड, सांधा कोरडा, कुठे तेलाचा थेंब नाही. मग ही एवढी हवा आत आली कुठून?

आणि आठवलं. शुक्रवारी साखळी पुसायला मी सायकल उलटी ठेवली होती, आमच्या काळी ठेवायचे तशी. वर पेडल फिरवताना गंमत म्हणून दांडीही दाबली होती, चार-पाच वेळा. दांडीजवळच्या तेलाच्या छोट्या टाकीतली थोडीशी हवा तेव्हाच नळीत शिरली.

बुडबुडे थांबले. गाद्या बसवल्या. दांडी अर्ध्यावर येऊन घट्ट अडली. तरी मला धीर होईना. सुनेला बोलावून आधी शुक्रवारचं सांगितलं.

 ती सायकल घेऊन उताराच्या तोंडाशी गेली, थोडी सुटली, थांबली. पुन्हा सुटली, पुन्हा थांबली. मी फाटकाला धरून मोजत होतो. सहाव्यांदा ती वळून चढ चढत आली.

"लागतोय, बाबा. उद्या हिच्यावरच जाते."

माझा हात फाटकावरून सुटला.

"पण साखळी यापुढे मी पुसणार," ती म्हणाली. "तुम्ही शेजारी बसून कसं पुसायचं ते पुस्तकातून वाचून दाखवा."