बिनघोड्याची दोन पिस्तुलं

व्हर्लीनच्या शेजारचं घर फोडलं गेलं, तेव्हा तिचा मुलगा अलोन्झो अटलांटाहून आला आणि निर्वाणीचं बोलला. "आई, घरात पिस्तूल ठेव आणि मला ते नीट हाताळून दाखव. नाही जमलं तर माझ्याकडे राहायला चल."

व्हर्लीन अडुसष्ट वर्षांची, बोटं सांधेदुखीने आखडलेली. पिस्तूल कधी हातात धरलं नव्हतं. पण अटलांटाला जायचं म्हणजे आमचं चर्च सुटणार. आमचे पास्टर बोलता बोलता सुराला लागतात, तेव्हा शेवटच्या बाकावरचा माणूसही देवाच्या पायाशी जाऊन बसतो. व्हर्लीन तीस वर्षं येणाऱ्यांना जागा दाखवायला चर्चच्या दारात उभी राहून त्यांना "हो, सांगा!" अशी साद देते आहे. ती सोडून कशी जाणार? शनिवारी सकाळी मेकन शहरातल्या बंदुकांच्या दुकानात मीही, तिची चर्चमधली मैत्रीण, त्या मायलेकांबरोबर गेले.

दुकानातल्या ट्वायलाने दोन पिस्तुलं काढली. वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे ओढून नळी रिकामी असल्याचं दाखवलं, मगच एकेक हातात दिलं.

"दोन्हींना बाहेर घोडा, म्हणजे मागून आपटणारी हातोडी, नाही; गोळीवर बसणारी टोची आत असते. चाप दर वेळी तेवढ्याच जोराने दाबावा लागतो. नवख्याला बरं."

"पहिलंच घे," अलोन्झो म्हणाला. "पोलीस हेच वापरतात."

"मग पोलिसांनाच दे."

पण दोन्हींची स्लाइड तिच्याने हलेना. अलोन्झोने माझ्याकडे बघितलं. "मिस ओपल, सांगा तुम्हीच."

"मी कशाला सांगू? मला बरणीचं झाकण उघडत नाही."

ट्वायला पुढे झाली. "मिस व्हर्लीन, स्लाइड ओढू नका. ती मुठीत घट्ट धरा आणि खालचा हात पुढे ढकला."

पहिल्याची स्लाइड अर्ध्यात अडकली. दुसऱ्याची स्प्रिंग मऊ, ती पूर्ण मागे गेली.

"आणखी एक," ट्वायला म्हणाली. "साफ करायला पहिलं उघडताना चाप ओढावाच लागतो. दुसऱ्याला खटका आहे. कुठलंही घ्या, आधी गोळ्यांचं मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढून मागून नळीत बघायचं. आत गोळी राहिली तर बाहेरून कळत नाही."

"हे सगळं मला बारा वर्षांपासून ठाऊक आहे," अलोन्झो म्हणाला.

दुकानामागच्या नेमबाजीच्या जागेत व्हर्लीनने दुसऱ्या पिस्तुलाने पाच गोळ्या झाडल्या. पाचही निशाणाच्या कागदावर लागल्या. मग अलोन्झोने पहिलं घेतलं. तीन-चार गोळ्या झाडून त्याने मॅगझिन काढलं.

"आता बघ, उघडायला किती सोपं आहे ते." त्याचं बोट चापाकडे गेलं.

"अलोन्झो! बोट काढ!" व्हर्लीन ओरडली.

तो जागीच थिजला. नळी निशाणाकडेच होती, देवाची कृपा.

"स्लाइड ओढ."

"आई, मॅगझिन माझ्या हातात आहे, हे काय."

"ओढ म्हटलं ना."

त्याने ओढली. नळीतून एक जिवंत गोळी उडाली आणि घरंगळत माझ्या बुटाला लागली.

ट्वायलाने गोळी उचलून खिशात टाकली. अलोन्झोने पिस्तूल ठेवलं, कपाळ पुसलं.

"आई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "तू राहा इथेच."

"ते मी तुला विचारलंच नव्हतं, बाळा." तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग ट्वायलाला म्हणाली, "दुसरं दे. आणि खरेदीचा फॉर्म आण." पर्स उघडून ती चष्मा शोधू लागली.