ग्रुपवरची इर्जिक

मार्गासनी सोडून वेल्ह्याकडं निघालं की रस्त्याला लागूनच जे गाव आहे, त्यात कोंडिबाइतका सुधारलेला माणूस दुसरा नव्हता. हे मत अर्थात कोंडिबाचंच. मोबाईलचा टॉवर आला तेव्हा नारळ फोडायला हाच पुढं, गावाचा ग्रुप काढायला हाच पुढं, आणि ग्रुपचा ॲडमिनही हाच. कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर काढायचं, सगळं त्याच्या हातात. एवढी सत्ता हातात आल्यावर भल्याभल्यांचं डोकं फिरतं, तिथं कोंडिबा कुठला सुटायला!

आठ दिवसांमागची गोष्ट. रखमाजी त्याच्या ओट्यावर येऊन बसला होता. दोघं एका वयाचे, बांधाला बांध, लहानपणापासूनचे जोडीदार. सरूबाईनं दोघांना चहा दिला. एका पोत्यावर शेजारी शेजारी बसून दोघांनी आपापले मोबाईल काढले, आणि ग्रुपवर जुंपली की हो! टॉवर कुणामुळं आला, ह्या पुढाऱ्यामुळं का त्या पुढाऱ्यामुळं? कोंडिबा ह्याच्या बाजूनं, रखमाजी त्याच्या. तोंडातनं मात्र कुणी चकार शब्द काढत नव्हता. कोंडिबानं 'बिनपगारी चमचा' असं लिहून धाडलं. रखमाजी एका बोटानं उत्तर लिहायला लागला. ते लांबत चाललंय हे कोंडिबानं डोळ्याच्या कोपऱ्यातनं पाहिलं, आणि ते यायच्या आत त्याला ग्रुपातनं काढून टाकलं.

"जाईना रं," रखमाजी मोबाईल हलवत म्हणाला. "रेंज गेली का काय?"

"रेंज हाय. म्या काढलंय तुला."

"हितं शेजारी बसून?"

"नियम म्हंजे नियम," कोंडिबा मान वर न करता म्हणाला.

रखमाजीनं अर्धा कप चहा तसाच ओट्यावर ठेवला आणि उठून गेला. कोंडिबाला जरा कसंसंच झालं. पण तेवढ्यात ग्रुपवर कुणीतरी 'ॲडमिन असावा तर असा' म्हणून हात जोडले, मग बरं वाटलं.

आता ह्या गावात भाताची लावणी इर्जिकीनं होते. एका घरच्या खाचरात एक दिवस सगळं गाव राबतं, मजुरी घेत नाही, फक्त पोटभर जेवतं. पुढं ज्याची पाळी येईल त्याच्याकडं बाकीचे जातात. रीत अशी की आदल्या दिवशी घरधन्यानं स्वतः दारोदार जाऊन सांगायचं, "उद्या आमच्या रानात पाय लावा." आणि खाचर कुणाचंही असो, रोपाची पहिली मूठ चिखलात लावायची ती रखमाजीच्या घरच्यानं. तो मान त्याच्या आज्यापंज्यापासूनचा.

कोंडिबाचं रोप हातभर वाढून पिवळं पडायला लागलं होतं. चिखलणी करून खाचर तयार होतं. चिखल एकदा बसला की रोप धरत नाही. उद्या लावणी झाली नाही तर वर्षाच्या भातावर पाणी.

"सांगून या घरोघर," सरूबाई म्हणाली. "आन् रखमाभावजींकडं आदी जावा."

"अगं, कुठल्या जमान्यात हाईस? घरोघर हिंडायला म्या काय वासुदेव हाय? एक बोट दाबलं की समद्या गावाला एकदम सांगावा!"

"आन् ज्याला काढलाय त्याला?"

"त्याला कुणीतरी सांगंल."

त्यानं सांगावा धाडला. वर झेंडा, खाली भाताच्या लोंबीचं चित्र. बघता बघता अंगठ्यांचा पाऊस पडला. कुणी अंगठा, कुणी फूल, कुणी 'जय हो'. कोंडिबानं मोबाईल सरूबाईच्या नाकासमोर धरला. "बघ! समदं गाव येतंय!" बिचारीनं पहाटे उठून त्या अंगठ्यांच्या हिशेबानं कोंबड्याचा रस्सा टाकला आणि भाताचं मोठं पातेलं चढवलं.

सकाळी कोंडिबा बांधावर उभा. तोरणा ढगात, पाऊस भुरभुरतोय, खाचर आरशागत तयार, आणि माणूस एक नाही! चिखलात दोन बगळे तेवढे आलेले, त्यांना ग्रुपवर कुणी घेतलं नव्हतं. येतील, येतील म्हणत कोंडिबानं मोबाईल उघडला. बघतो तर ग्रुपवर कुणीतरी लग्नातला फोटो टाकलेला. ज्यांच्यापायी त्यानं रखमाजीला काढला, ते दोन्ही पुढारी एका पंगतीला बसून एकमेकांना जिलबी भरवत होते. आणि जिलबीकडं बघत कोंडिबा उपाशी!

"हात् तुझ्या!" तो स्वतःलाच म्हणाला. "बिनपगारी चमचा कोण रं, कोंडबा?"

तो तरातरा गावात आला. पारावर माणसं पावसाची इरली घेऊन उभी होती, कुणी तंबाखू मळत, कुणी नुसतंच. त्यांतल्या आनंदरावांना त्यानं विचारलं, "काय वं आनंदराव, अंगठा दावलात की तुमी! मग हितं काय करताय?"

"दावला की. पर रखमाजी कुठं निगालाय अजून? पैली मूठ त्याची. त्यो रानात उतरल्याबिगर आमी कसं उतरावं?"

कोंडिबाच्या तोंडचं पाणी पळालं. एका रखमाजीला काढलं म्हणता म्हणता त्यानं अख्खं गावच आपल्या खाचरातनं काढलं होतं. ॲडमिन म्हणे! त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

रखमाजी आपल्या ओट्यावर बसला होता. गुडघ्यापर्यंत धोतर खोचलेलं, मांडीवर इरलं. दारात त्याची बायको अंबूबाई उभी.

"भावजी, उजाडल्यापासनं असंच बसल्यात," ती म्हणाली. "म्हनलं, जावा की. तर म्हनत्यात, बोलिवल्याबिगर कसं जायाचं?"

ग्रुपवर पानभर लिहिणारा हा गडी, आता रखमाजीच्या ओट्यापाशी येऊन उभा राहिला. तिथं हात जोडलेलं चित्र धाडता येतं. इथं खरेच जोडावे लागले.

"रखमा, माझ्या रानात पाय लाव. लई चुकलं माझं."

रखमाजीनं मांडीवरचं इरलं बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "तोंडानं शिवी दिली असतीस, तर म्या बी एक हासडली असती, आन् च्या संपवूनच उठलो असतो. पर तू वर बी बघितलं न्हाईस रं. शेजारी बसल्यालं माणूस काढलंस."

"व्हय," कोंडिबा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले, आणि त्यानं ते लपवलेही नाहीत.

"चल मग. उगं रडत बसलास तर रोप वाळंल."

रखमाजीनं इरलं डोक्यावर घेतलं आणि तो वाटेला लागला. पारावरून आनंदराव हलले, त्यांच्यामागं बाकीचे, मग घराघरातनं बायका पदर खोचत निघाल्या. कुणी कुणाला हाक मारली नाही. रखमाजीनं पहिली मूठ लावली, आणि दिवस कलायच्या आत सगळं खाचर हिरवं झालं. मोबाईल सगळे बांधावर एका पाटीत घोंगड्याखाली. ग्रुपवर दिवसभर चिटपाखरू नव्हतं, कारण सगळा ग्रुप चिखलात उभा होता.

सरूबाईचं पातेलं पुरलं, वर कोंबड्याची तारीफही झाली. संध्याकाळी दोघं मित्र पुन्हा त्याच पोत्यावर बसले. सरूबाईनं रखमाजीच्या हातात चहाचा कप दिला. कोंडिबानं हळूच मोबाईल काढला.

"रखमा, घेऊ का तुला परत ग्रुपात?"

"नगं," रखमाजी फुंकर घालत म्हणाला. "म्होरल्या बुधवारी माझी इर्जिक हाय. सांगायला म्या सोता यीन तुझ्या दारात. तवा तेवढं वर बघ, म्हंजे झालं."