सात दिवसांची मुकी

माझं तोंड वाईट हाय, हे मला कुणी सांगायला नगो. सांगलीच्या पेठेत आमी बाया हळद निवडतो, तिथं मुकादमसुद्धा माझ्या तोंडाला लागत न्हाई. आन् चौऱ्याहत्तर साली आमच्या महिला मंडळानं डोळ्यांचं फुकट शिबिर भरवलं, त्यात सेवेला नाव घातलं कुणाचं? माझं! आता बोला.

धर्मशाळेत चाळीस खाटा. मोतीबिंदू काढलेली म्हातारी माणसं डोळ्यांवर पट्ट्या बांधून उताणी पडलेली. डॉक्टरनं आमाला दम भरला, "सात दिवस मान हलता कामा नये. पेशंटला हसवायचं नाही, रडवायचं नाही, संताप तर आणायचाच नाही. टाका तुटला की डोळा गेला."

मी पेजेची वाटी घेऊन माझ्या वाटणीच्या खाटंपाशी गेले आन् बघते तर काय, मुक्ताबाई! माझी थोरली जाऊ, वडूजची. सासूची पीठ मळायची लाकडी काथवट कुणाची, ह्यावरनं अकरा वरसं आमचं बोलणं बंद. (काथवट सासूनं मला दिली हुती. देवाशपथ.) बाईचा एक डोळा आधीच गेल्याला, ह्यो एकच राहिल्याला. माझा आवाज कानावर पडला असता तर बया ताडकन उठून बसली असती, आन् जन्माची आंधळी झाली असती.

दुसऱ्या कुणाला धाडावं तर माणूस जादा न्हाई. मग मीच मुकी झाले. शेजारच्या खाटंवर भरवणाऱ्या राहीबाईला खूण केली. मुक्ताबाईनं "कोण गं तू?" इचारल्यावर राहीबाई म्हणाली, "मुकी हाय बिचारी." आमच्या गल्लीत कळलं असतं तर लोकांनी पेढं वाटलं असतं.

मुकी म्हटल्यावर जाऊबाईला चेवच आला. "बरं हाय बाई तुझं. माझ्या धाकट्या जावंची जीभ म्हंजी पिठाची गिरण. काथवट चोरली माझी. सासूच्या तेराव्याला गाव गोळा करून रडली, पर डोळ्यांत टिपूस न्हाई!"

आता हे खोटं! पदर भिजस्तवर रडले हुते मी. पर काय करता? जीभ दातांखाली धरली, पेज निववून भरवली, आन् वाटी खाली ठेवून खाटंखाली दाहीच्या दाही बोटं तिच्या नावानं कडाकडा मोडली. तेवढाच जिवाला थंडावा.

रोज ह्योच धंदा. ती बोलायची, मी बोटं मोडायची. साठल्यालं समदं संध्याकाळी मालकांच्या डोक्यावर वतायची. मालक सोसणारं, पर चौथ्या दिवशी तेबी म्हणालं, "मला एखादी खाट मिळंल का गं तिथं?"

पाचव्या दिवशी मुक्ताबाईला ठसका लागला. दोन्ही हातांनी तिचं डोकं घट्ट धरलं आन् मनात म्हटलं, देवा, काथवट घे, पर हिचा डोळा राहू दे. ठसका थांबला तवाच हात सोडलं.

सातव्या दिवशी पट्टी सुटली. मी खांबामागं दडले. डॉक्टरनं तिला जाड भिंगाचा चष्मा लावला आन् बोटं धरली, "किती?"

"तीन. आन् त्या खांबामागं हिरवं लुगडं हाय. चंद्रे, भाईर ये."

मी भाईर आले. "आवं जाऊबाई, कवा वळाकलंसा?"

"पहिल्याच दिवशी. दाही बोटं एका दमात मोडणारी दुसरी कोण हाय गं आपल्या घरात?"

"मग बोलला न्हाईसा ते?"

"बोलत तर हुते! अकरा वरसांचं बोलायचं हुतं मला. तू कवा बोलू दिलंस? जन्मात पहिल्यांदा गप घावलीस." मग माझ्याकडं निरखून बघत म्हणाली, "लय वाळलीस गं. बोल आता. माझं झालं बोलून."

अकरा वरसांचं समदं तोंडापर्यंत आलं, पर एक शब्द फुटंना. डोळंच भरून आलं माझं.

"आगं बया, टिपूस येतंया की तुझ्या डोळ्यांत! दिसतंया मला," मुक्ताबाई म्हणाली, आन् लगेच घाबरून वराडली, "पूस, आदी पूस! तू रडलीस की मलाबी येतंया, आन् डॉक्टरनं मला अजून पंधरा दिवस रडू नगं म्हणून सांगितलंय."