पोटरीचं माप

मी एक जुनी टेप आहे. गाण्यांची नव्हे हं! शिंप्याच्या गळ्यात लोंबते ना, ती. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर आणि दोन्ही टोकांना पितळी पत्रे. त्यातला एक पत्रा कधीच निखळून पडला. मित्रांनो, नाक मुरडू नका. माझेही दिवस होते!

कारखान्यात एका लांबलचक कापडी पट्टीवर रंग चढला, आकडे छापले गेले आणि तिचे तुकडे झाले. त्यातला एक तुकडा मी. दुकानात मास्टरांनी माझ्या बहिणींना वाकवून, ओढून, उन्हात धरून पाहिलं आणि शेवटी मला उचललं. "हिच्यात जीव आहे," ते दुकानदाराला म्हणाले. त्या दिवसापासून माझी जागा ठरली. मास्टरांचा गळा.

केवढी माणसं मोजली मी! माप द्यायला उभा राहिलेला माणूस पोट आत ओढतोच. मग मास्टर म्हणायचे, "सोडा श्वास, इथे परीक्षा नाही." बेकरीवाल्याच्या कमरेला विळखा घालताना तर माझी दमछाक व्हायची. पण कुणाचं माप मी चारचौघांत बोलले नाही. अंगावरचं माप माझं, कापडावरची आखणी लोखंडी पट्टीची, अशी आमची वाटणी होती. मास्टर कापायचे, त्यांची बायको शेजारी बसून तुरपाई आणि काजं-बटणं करायची. सगळे तिला वहिनी म्हणायचे, म्हणून मीही म्हणते. दोघं दिवसभर एकमेकांची खोडी काढत. दुकान कसं भरलेलं वाटायचं!

एकदा कोटाला इस्त्री करताना मास्टरांच्या डाव्या पोटरीतलं मांस उडायला लागलं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. नुसतं आपलं उडत होतं. मी गळ्यात होते, त्यामुळे त्यांचा श्वास अडकलेला मला लगेच कळला. दुसऱ्या दिवशी अंगठ्याच्या बुडाशी उडालं, मग पापणी. मास्टरांनी मोबाईल उघडला आणि तिथेच घात झाला. मोबाईलमध्ये नसांचा एक भयंकर आजार होता. त्यात आधी स्नायू उडतात, मग वाळतात, मग माणसाला जागचं हलताही येत नाही. वाचता वाचता मास्टरांच्या तोंडचं पाणी पळालं.

झालं! डोक्यात भुंगा शिरला. गिऱ्हाईक गेलं की ते ट्रायल रूमचा पडदा ओढून चवड्यांवर उभे राहायचे. आरशासमोर जीभ बाहेर काढायचे आणि ती थरथरते का ते बघायचे. आता तुम्हीच सांगा, जीभ ताणून धरली तर ती थरथरणार नाही तर काय गाणं म्हणेल? पण वहिनींना मात्र त्यांनी एक अक्षरही सांगितलं नाही.

गुपचूप डॉक्टरीणबाईंकडे गेले. घाईत मी गळ्यातच राहिले. "माझं माप घ्यायला आलात का?" बाई हसून म्हणाल्या. मग त्यांनी गुडघ्यावर रबरी हातोडी मारली, हात ओढले, पाय ढकलले, टाचांवर चालवलं. "ताकद शाबूत आहे. काळजीसारखं काही दिसत नाही. पुष्कळांचं उडतं असं. नीट झोपा, चहा कमी करा आणि उगाच दाबून-ताणून बघू नका." मास्टरांच्या जिवात जीव आला. दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी स्वतःशीच पुटपुटले, "पण बाईंनी पोटरी मोजली कुठे?"

शिंपीच तो! स्वतःची मापं त्यांना तोंडपाठ होती. मला पोटरीभोवती गुंडाळलं, तर अर्धा इंच कमी. त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. उजवी पोटरी मोजली, तीही अर्धा इंच कमी. दोन्ही सारख्याच, म्हणून हायसं वाटावं की नाही? छे! "दोन्ही पायांत पसरलंय," म्हणाले.

त्यातच गिऱ्हाइकांना कपडे घट्ट यायला लागले. बेकरीवाला पॅन्ट हातात घेऊन आला. "मास्टर, मी पाव खायचे सोडले आणि पॅन्टच आखडली?" एरवी मास्टर तिथल्या तिथे चार टोले परत देते. आता नुसते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, हातही गेला.

त्यांनी कात्री वहिनींपुढे ठेवली. "उद्यापासून तू कापायचं. शीक."

"इतकी वर्षं तुरपाई करतेय, तेव्हा नाही सुचलं ते?"

"शीक म्हटलं ना! लवकर शीक!"

मास्टर असे कधी ओरडत नसत. वहिनी मान खाली घालून शिकत राहिल्या. खडूच्या रेघेवर एकदा त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पडलं. मला फार वाईट वाटलं हो. पण टेप काय बोलणार?

एका दुपारी वहिनींनी ट्रायल रूमचा पडदा सारला. मास्टर स्टुलावर बसले होते, पॅन्टचा पाय वर दुमडलेला आणि पोटरीभोवती मी.

"अहो, हे काय चाललंय?"

मग मास्टरांचा बांध फुटला. "पाय वाळत चाललाय माझा. हातही जाणार. म्हणून शिकवतोय तुला. मी गेल्यावर कुणाच्या तोंडाकडे बघशील तू?"

वहिनी पुढे आल्या. खाली बसल्या, मला नीट गुंडाळलं, वाचलं. खरंच कमी. त्यांच्याही चेहऱ्याचा रंग उडाला. पण बाई मोठी हट्टी! मांडी मोजली, कंबर मोजली, गळा मोजला. सगळंच कमी. आणि मग त्यांनी मला चक्क मास्टरांच्या डोक्याभोवती गुंडाळलं.

"अहो, तुमची लोकरीची टोपी मी विणली, तेव्हाचं माप आहे माझ्या ध्यानात. तुमचं डोकंसुद्धा बारीक झालंय!"

"डोकं?"

"डोकं! कवटी वाळते का हो माणसाची?"

तशाच उठल्या आणि मला कापायच्या टेबलावर लोखंडी पट्टीशेजारी अंथरलं. बारा इंची पट्टी संपली, तरी माझे बारा इंच पुरे व्हायचे होते. वर्षानुवर्षं ओढून ओढून मी ताणले गेले होते, मित्रांनो! माझा एकेक इंच लांबला होता, म्हणून सगळं जग मला बारीक दिसत होतं. "टेप सैल पडते, पट्टीला लावून बघत जा," हे मास्टरच शिकाऊ पोरांना बजावायचे. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस! घाबरलेल्या माणसाने स्वतःवर संशय घेतला, टेपवर नाही.

दोघं हसले. पोट धरधरून हसले. हसता हसता मास्टर रडायला लागले. आणि नेमकी तेव्हाच पोटरी पुन्हा उडायला लागली.

"बघ, बघ. उडतंय अजून!" मास्टर ताठ झाले.

वहिनींनी तळहात पोटरीवर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"हेच का ते?"

"हेच."

"एवढ्याशासाठी इतके दिवस एकटे घाबरत बसलात? मला हाक मारायचीत की हो."

आता मास्टरांच्या गळ्यात नवी टेप आहे. माझ्या वाट्याला चिंध्यांचं गाठोडं बांधायचं काम आलं. असो. इथूनही दुकान दिसतं. बेकरीवाल्याची पॅन्ट उसवून सैल केली. वहिनींनी कात्री काही परत दिली नाही. "शिकलेलं वाया घालवू का?" म्हणतात, आणि झकास कापतात. पोटरी अजूनही मधूनच उडते. मास्टरांचा हात टेपकडे जातो, घुटमळतो, आणि मग ते हाक मारतात, "अगं, ये जरा." वहिनी सुई खोचून ठेवतात, येतात आणि पोटरीवर हात ठेवून बसतात.

म्हणून सांगते मित्रांनो, जुन्या टेपला अधूनमधून पट्टीशेजारी ठेवून बघत जा. आणि घरात कुणी पडद्याआड स्वतःला मोजत बसलेलं दिसलं, तर हसू नका, चिडू नका. आधी त्याच्या जवळ जाऊन बसा. मला मास्टरांना विळखा घालता यायचा, पण "मी आहे ना" एवढं म्हणता येत नव्हतं. तुम्हाला येतं.