भेगेवरच्या काचपट्टीची कैफियत

मी भेगेवरची काचपट्टी बोलतेय. भिंत सरकतेय हे मी सगळ्यांत आधी सांगितलं, तेही स्वतः मोडून. कोणाचा विश्वास बसला नाही. काच ती, तिचं काय मनावर घ्यायचं.

दोन बोटं रुंद, वीतभर लांब, एवढाच माझा जीव. काचवाल्याने मला एका तावदानाच्या तुकड्यातून कापलं. माझ्या बहिणी फोटोंच्या चौकटींत जाऊन बसल्या आणि मी सर्व्हेअरच्या पिशवीत. सर्व्हेअर म्हणजे इमारती तपासणारे साहेब. इमारत धड आहे असं त्यांनी लिहायचं आणि आत माणसांनी निर्धास्त झोपायचं, असा हा धंदा.

साहेबांनी मला तळमजल्यावरच्या शिंपिणीच्या खोलीत आणलं. भिंतीला वरून खाली भेग गेलेली. भेगेच्या दोन्ही बाजूंना प्लास्टरचे गोळे थापून त्यांनी मला आडवी चिकटवली आणि गोळ्यावर तारीख कोरली.

"भिंत हलली तर ही मोडेल. मी दर महिन्याला येऊन बघतो," म्हणाले.

म्हणजे मला काम एकच, वेळेवर मोडायचं. साहेबांनाही एकच, वेळेवर यायचं. त्यातलं अवघड काम कोणाचं होतं ते तुम्हीच ठरवा.

भेगेखाली शिंपिणीच्या सासूची खाट. म्हातारीचे पाय गेलेले. खाट हलवावी तर दुसऱ्या अंगाला शिलाई मशीन, कपाट आणि दार. मागची एक खोली रिकामी होती, पण घरमालक म्हणाला, साहेबांनी धोका आहे असं लिहून दिलं तरच ती देईन. तेव्हा म्हातारीचा जीव साहेबांच्या एका ओळीवर टांगलेला.

साहेब दोन महिने आले. मग त्यांचा फोन यायला लागला. काच जागेवर आहे का, एवढंच विचारायचे. शिंपीण सांगायची, काच आहे पण वर छताशी भेग वाढलीय. त्यातलं 'काच आहे' तेवढं साहेबांना ऐकू यायचं आणि कागदावर 'बदल नाही' उमटायचं. घरबसल्या भिंत बघण्याची ही विद्या कुठल्या कॉलेजात शिकवतात कोण जाणे. म्हातारीने त्यांचं नावच पाडलं, बदल-नाही साहेब.

शिंपीण चौथी शिकलेली. पण सुताएवढा फरक तिच्या नजरेतून सुटत नसे. दर सोमवारी ती भेगेवर टेप धरायची आणि शेजारी खडूने आकडा लिहायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं. पगार तर साहेबांना होता.

एका दुपारी मी मोडले. टक् असा आवाज झाला आणि मशीन थांबलं. शिंपिणीने चारदा फोन केला तेव्हा साहेब आले. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, झाडू लागला असेल.

"मी उठू शकत नाही," म्हातारी म्हणाली, "आणि सून काय भिंती झाडत नाही. मग भिंतीनेच हातात झाडू घेतला का हो साहेब?"

साहेब विनोदाच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांनी माझ्या शेजारी प्लास्टिकची पट्टी चिकटवली. ही मोडणार नाही, टिकाऊ आहे, असं वर कौतुकानं सांगितलं. ती खरंच मोडली नाही. भिंत सरकली तशी गुणाची बाय वाकत गेली. साहेबांना अशीच हवी होती.

मग मात्र शिंपिणीने कात्रीच्या टोकाने मला प्लास्टरसकट उकरलं, रुमालात बांधलं आणि सर्व्हेअरांना शिस्त लावणाऱ्या समितीपुढे नेऊन ठेवलं. पाच जण, सगळे साहेबांच्याच धंद्यातले. समोर नियमांचं जाडजूड पुस्तक, कोरं करकरीत.

अध्यक्षांनी आधी विचारलं, शिक्षण किती. मग विचारलं, काच भिंतीवरून कोणी काढली.

"मी काढली," ती म्हणाली. "भिंत इथवर आणता येईना म्हणून."

साहेब म्हणाले, माझ्या नोंदी नियमित आहेत. होत्याच. बारा कागद, बाराही एकसारखे.

"मी शर्ट शिवते साहेब," शिंपीण म्हणाली. "माप न घेता कापड कापलं तर गिऱ्हाईक ते माझ्या तोंडावर फेकतं. तुम्ही माप न घेता माझ्या सासूला भिंतीखाली झोपवलंत."

पाच जणांतल्या, कोपऱ्यात बसलेल्या एका वयस्क बाईंनी तेवढा पेन खाली ठेवला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः टेप घेऊन खोलीत आल्या. खडूचा शेवटचा आकडा आणि त्यांचं माप तंतोतंत जुळलं. त्यांनी उभ्या उभ्या धोका लिहून दिला. संध्याकाळपर्यंत भिंतीला लाकडी टेकू लागले आणि म्हातारीची खाट मागच्या खोलीत गेली.

मी आता समितीच्या कपाटात, पाकिटात दोन तुकडे होऊन पडलेय. माझं काम मी चोख केलं, तक्रार नाही. तुमच्या भिंतीवर माझी एखादी बहीण असली तर फोनवरून तिची खुशाली विचारू नका. जवळ जाऊन बघा.

निकाल माझ्याच पाकिटाला टाचलाय. साहेबांच्या नोंदी नियमित असल्याचं समितीने समाधानाने नमूद केलंय, अक्षर जरा सुवाच्य काढावं अशी सूचनाही दिलीय. वयस्क बाईंची सही तेवढी त्यावर नाही. आणि मोजमापाचं साधन विनापरवाना भिंतीवरून काढून तपासात अडथळा आणल्याबद्दल दोषी कोण, तेही खाली ठळक लिहिलंय: तळमजल्यावरची शिंपीण.