आकोंगच्या बोटांचा नकाशा

शनिवारी दुपारपर्यंत यून-शीनं जवळपास सगळं जमवलं होतं. शाळेतल्या श्यू बाईंनी दिलेल्या पेनड्राइव्हवरून तिनं आकोंगच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या, जुन्या संगणकावर नवी कार्यप्रणाली चढवली होती. ही प्रणाली फुकट मिळते. कुणीही ती आतून उघडून पाहावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. जुनी प्रणाली महिन्यापूर्वी बसली ती उठलीच नव्हती. आता वायफाय लागलं होतं, अक्षरं मोठी झाली होती आणि लिहिलेलं वाचून दाखवणारा आवाजही बोलत होता.

तो आवाज सगळ्यात महत्त्वाचा. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर आकोंगचा स्वतःचा आवाज गेला होता. हात थरथरे, त्यामुळे पाटीवर दोन-तीन अक्षरांपुढे खडू जात नसे. पण मनगट टेबलावर टेकवलं की बोटं कीबोर्डच्या कळांवर झरझर चालायची. ते लिहायचे, यंत्र बोलायचं. महिनाभर आकोंग गप्प होते.

"बसा, आकोंग. काहीतरी बोला," यून-शी म्हणाली.

आकोंग बसले. कळांकडे न पाहता त्यांनी एक लांबलचक वाक्य लिहिलं. यंत्रानं ते वाचलं. त्यात शब्द असा एकही नव्हता. त्यांनी तेच वाक्य पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच.

दारात उभ्या मावशीनं आधी संगणकाच्या डोक्यावर पाहिलं. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून तिथं नारळाच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलेलं असतं, अशी रीतच आहे, आकोंगच्या कचेरीतही असायचं. मावशीनं पाकीट उलटं केलं.

"तारीख उलटून गेलीय. गेल्या महिन्यातच. मग कसं चालेल?"

ती कोपऱ्यावरच्या दुकानातून नवं हिरवं पाकीट घेऊन आली आणि तिनं ते जपून संगणकावर ठेवलं. आकोंगनी तेच वाक्य पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच.

मावशीचा चेहरा उतरला. ती यून-शीला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "यंत्राचा दोष नाही गं. बाबांच्या डोक्याचाच आहे. परवा चष्मासुद्धा फ्रिजमध्ये ठेवला होता. मंगळवारी त्या स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय मी."

"चष्मा तूही ठेवतेस फ्रिजमध्ये."

"मी घाईत असते."

यून-शी परत आली, तेव्हा आकोंगनी पाटीवर लिहून ठेवलं होतं: बोटं विसरली.

तिनं पाटी जवळ ओढली. विसरलेला माणूस कसा चुकतो? तिला पाढे येत नसत तेव्हा ती सात आठे कधी चोपन्न म्हणायची, कधी साठ. रोज नवी चूक. पण आकोंगचं पहिलं वाक्य आणि तिसरं वाक्य पडद्यावर अजून होतं, आणि दोन्ही अगदी एकसारखी चुकलेली होती.

तिनं पडद्यावर टॉवेल टाकला.

"आकोंग, डोळे मिटा. पहिलीत शिकवतात ना, शब्दाचा उच्चार लिहायची ती ध्वनिचिन्हं मी एकेक म्हणते. तुम्ही फक्त कळ दाबायची. म."

बोट पडलं. यून-शीनं वहीत लिहून घेतलं. तिला शाळेत शिकवलेल्या मांडणीत, म्हणजे कुठलं चिन्ह कुठल्या कळेवर त्या रचनेत, म डावीकडे, A च्या कळेवर असतो, कळेवर तसं छापलेलंही होतं. आकोंगचं बोट मात्र M वर होतं.

"ल."

L.

"न."

N.

तिनं वहीतल्या तिन्ही नोंदी पुन्हा पाहिल्या. "पुन्हा म."

पुन्हा M. तिनं मुद्दाम चौदा चिन्हं उलटसुलट विचारली, काही तीन-तीनदा. बोट एकदाही डगमगलं नाही. वहीत एक नकाशा तयार होत होता. छापलेल्या कळांशी तो जुळत नव्हता. पण तो कुठलातरी नकाशा होता, एवढं नक्की.

"आकोंग, टायपिंग कुठं शिकलात?"

पाटीवर एकच शब्द आला: कचेरी.

जमीन नोंदणीच्या कचेरीत, आई जन्मली त्याच्याही आधी. यून-शीनं टॉवेल काढला आणि सेटिंगचं पान उघडलं. भाषा, मग लिहिण्याची पद्धत, मग कळांची मांडणी. तिथं एक बारीक बाण होता. तो तिनं कधी दाबलाच नव्हता. दाबला तर खाली नऊ नावं उघडली. पहिल्यापुढे खूण होती. तिला वाटायचं, मांडणी म्हणजे एकच, जी आपल्याला शिकवली ती.

ती एकेक नाव उघडून त्याचं चित्र वहीशी ताडून पाहू लागली. दुसरं नाही. तिसऱ्यात म जुळला, न चुकला. पाचव्यात म, ल, न. मग उरलेली अकरा. सगळी.

"मावशी, इकडे ये," पाचव्या नावापुढे खूण करून तिनं हाक मारली. "आकोंग काहीच विसरले नाहीत. जुन्या प्रणालीत कुणीतरी ही मांडणी कधीकाळी निवडून ठेवली होती. मी पुसून टाकली. माझीच चूक."

मावशी फडक्याला हात पुसत आली. आकोंगनी मनगटं टेकवली. छापलेल्या कळांकडे त्यांनी आताही पाहिलं नाही.

"मंगळवारची वेळ रद्द कर," यंत्र म्हणालं.

मावशी खुर्चीत बसली. तिनं डोळे पुसले, मग फोन हातात घेतला. "आणि चष्मा?" तिनं विचारलं.

"उकाडा होता," यंत्र म्हणालं.

बोटं थांबली, मग पुन्हा चालू लागली.

"यून-शी, बाकीच्या आठ मांडण्या कुणाकुणाच्या बोटांसाठी आहेत? शोधून सांग मला."

यून-शीनं वहीचं पान उलटलं आणि दुसऱ्या नावावर बाण नेला.