अर्ध्यापासून वाचणारा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने पुस्तकांवर लिहावं, हेच मुळात पुष्कळांच्या डोळ्यांत खुपायचं. त्यात तो लिहायचा विज्ञानकथांवर, जादूच्या राज्यांवर. "पोरखेळ!" म्हणायचे विद्वान. मरू देत. ज्यांना स्वतःच्या गल्लीपलीकडचं दिसत नाही, त्यांना दुसरा ग्रह काय डोंबल दिसणार?

एकोणीस वर्षं दर रविवारी पेपरच्या पुरवणीत त्याचं परीक्षण आलं. पुस्तक यायचं सोमवारी, मजकूर द्यायचा गुरुवारी, आणि दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात ग्रीसने बरबटलेले हात. सहाशे पानं वाचणार कधी? म्हणून नवरा-बायकोने तोड काढली होती. पुस्तक आलं की तो ते पाठीतून बरोबर मधोमध चिरायचा. पहिला अर्धा तिचा, दुसरा त्याचा. बुधवारी ती भांडी विसळता विसळता सुरुवात सांगायची, तो भांडी पुसता पुसता शेवट. गुरुवारी तो लिहायचा. खाली नाव त्याचं. एकट्याचं.

मग पुरवणीने त्याचा फोटो छापला. मथळा : ‘एकट्याने वाचलेली हजार पुस्तकं’.

"एकट्याने?" तिने विचारलं.

"अगं, पेपरवाले लिहितात काहीतरी. तुला काय करायचंय नावाचं?"

दुसऱ्या दिवशी ती बहिणीकडे निघून गेली. त्याला आठ महिने झाले. तेवढे महिने तो संपादकांना थापा मारत होता. डोळे दुखतात, पाठ धरलीय.

आणि या सोमवारी ते आलं. समुद्राखालच्या शहराच्या मालिकेचा शेवटचा भाग. दोघांनी सहा वर्षं वाट पाहिलेला. त्याने पहिलं पान उघडलं आणि तिथेच अडकला. एकोणीस वर्षांत त्याने एकही जग जन्मताना पाहिलं नव्हतं, नुसती बुडताना पाहिली. सुरुवात म्हणजे त्याच्या लेखी तिचा आवाज.

त्याने पुस्तक चिरलं, पहिला अर्धा तिला कुरियर केला. वर चिठ्ठी : ‘बुधवारपर्यंत सांग.’ ना माफी, ना विचारपूस. गाढव तो गाढवच!

बुधवारी फोन आला. "मिळालं. वाचलं."

त्याचा जीव भांड्यात पडला. "मग सांग ना!"

"नाही सांगत. उरलेला अर्धा पाठवा."

"तो कशाला? शेवट मी सांगतो की."

"हजार शेवट तुमच्या तोंडून ऐकले. एक तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या."

"अगं, पण मग मी लिहू काय?"

"तुम्ही नका लिहू. मी लिहिते."

त्याने दुसरा अर्धा अजून उघडला नव्हता. सहा वर्षांची भूक होती ती. थोडा वेळ तो पानं नुसती हातात धरून बसला. मग पाकिटात घातली आणि पत्ता लिहिला.

संपादकांना म्हणाला, "या खेपेला बायकोचं परीक्षण येईल, जरा उशिरा. नाव तिचं छापा. आणि एकोणीस वर्षं निम्मं वाचन तिचं होतं, तेही छापा."

"अहो, नाचक्की होईल तुमची. आमचीही!"

"होऊ दे."

पुढच्या आठवड्यातल्या रविवारी नाक्यावर उभ्याउभ्याच त्याने पेपर उघडला. तिचं नाव. खाली चौकटीत त्याची कबुली. तिचं लिखाण त्याच्यासारखंच चिडकं होतं, पण चिडण्याआधी ती थांबून बघायची. हे त्याला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं. त्याने तिथूनच फोन लावला.

"शहर वाचतं की नाही, ते लिहिलंच नाहीस!"

"परीक्षणात शेवट फोडायचा नसतो."

"मी काय परका वाचक आहे?"

ती हसली. मागे तिची बहीण कुणाला तरी हाका मारत होती.

"दुकानात मिळतं," ती म्हणाली. "अख्खं घ्या. पहिल्या पानापासून वाचा."

त्याने घेतलं. संध्याकाळपर्यंत अकरा पानं झाली. बाराव्या पानावर एक पोरगी पाण्याखाली पहिल्यांदाच शिट्टी वाजवते. पुस्तक मांडीवर उपडं टाकून, ही सुरुवात तिला सांगायला त्याने पुन्हा फोन लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली.